जपलेल्या बुटांचा चुरा

आमच्या वडशाच्या नाटक कंपनीत खुशालभाऊ म्हणजे कायमचे इन्स्पेक्टर. एन्ट्रीला ते असा बूट आपटायचे की पुढच्या रांगेतली पोरं दचकायची. त्या एका आवाजावर भाऊंचं नाव आमच्या झाडीपट्टीच्या गावोगावी झालं होतं. म्हणूनच बुटांच्या बाबतीत हा माणूस अगदी अतीच करायचा. हंगाम संपला की बूट पुसून, प्लॅस्टिकच्या थैलीत गच्च बांधून पेटीत. स्वतः मात्र वर्षभर तुटक्या चपलेत. आमच्या हवालदारानं, म्हणजे पवननं, त्याच दुकानातून तसलेच बूट घेतले होते. तो ते घालून बाजारात जायचा, मोहफुलं वेचायचा.

"रंगभूमीच्या बुटाले बाहेरची माती लावते बे?" म्हणून भाऊ त्याला झापायचे.

यंदा पहिल्या प्रयोगाच्या दिवशी दुपारी शेवटची तालीम होती. भाऊंनी पाय आपटला आणि टाचेचा भुगा होऊन फळ्यांवर पसरला. दुसऱ्या बुटाचंही तेच झालं. आम्ही आधी हसलो, मग भाऊंचं तोंड पाहून भुगा गोळा करायला वाकलो.

त्यांची लेक नीलिमा डबा घेऊन आली होती. ती कॉलेजात केमिस्ट्री शिकते. तिनं भुगा चिमटीत धरला.

"बाबा, हा पॉलियुरेथेनचा तळ आहे. दोन रसायनं मिसळून बनते. दुसऱ्या महायुद्धाआधी जर्मनीत निघालं हे. साध्या रबरापेक्षा कमी झिजते, तेलानं लवकर खराब होत नाई. पण याच्या एका जातीले ओल सोसत नाई. थैलीत कोंडलेली ओल त्याले आतून तोडत राह्यली. घालत राह्यले असते तर हवा लागून जास्त टिकले असते."

"म्हणजे मी जपलं तेच चुकलं?" भाऊ ओरडले. "हा कसा रबर? घासला तर झिजत नाई, अन् ठेवला तर सडते! दुकानदारानं काऊन नाई सांगितलं मले?"

मलाही त्या दुकानदाराचा राग आला, रबराचा आला, आणि खरं सांगायचं तर भाऊंचाही आला. बाजारपेठ नेमकी त्या दिवशी बंद, आणि संध्याकाळी प्रयोगाच्या गावाला गाडी निघणार होती. पवननं आपले बूट काढून पुढे केले.

"घ्या, भाऊ."

भाऊंनी ते उलटे करून पाहिले. खाचांमध्ये शेण आणि चिखल वाळला होता. त्यांनी बूट परत दिले. "हे घालून मी स्टेजवर चढत नाई."

आम्ही धुऊन देतो म्हटलं, हातापाया पडलो. पण ऐकेल तो खुशाल कसला! शेवटी आमचे दिग्दर्शक मुखरूभाऊ वैतागले. "मंग पवन, आजपासून इन्स्पेक्टर तूच."

तालीम पुन्हा सुरू झाली. पवन बिचारा घाबरतच एन्ट्रीला आला आणि त्यानं पाय हळूच टेकवला.

"आपट ना बे!" खाली बसलेले खुशालभाऊ खेकसले. "तुझे फुटत नाईत."