एका वॅटची परीक्षा

सत्तावन्न सालच्या नोव्हेंबरात आमची सिग्नल डिटॅचमेंट तळेगाव श्यामजी पंतला उतरली. एक ट्रक, एक कॅप्टन, एक ड्रायव्हर आणि आम्ही दोन ऑपरेटर. मी लान्स नाईक शंकर, घर नालवाडीला. दुसरा सिपाही भाऊराव, घर बोरगाव मेघेला. फौजेनं आम्हाला दोन वर्षं देशभर फिरवलं, शेवटी घराजवळ आणून सोडलं आणि वर हुकूम दिला, घरी जायचं नाही. फौजेचं असंच असतं.

गुलाबराव नावाच्या शेतकऱ्याच्या कपाशीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दोन कडुलिंब होते. त्यांच्यामध्ये आम्ही एरियल बांधायचो. ०५३० ला उठणं, ०६०० ला पीटी, ०७०० ला चहा, ०८०० पासून सेटवर. गुलाबराव रोज सकाळी येऊन बांधावर बसायचे आणि आम्हाला जाब विचारायचे. "हे तार काऊन बांधून राह्यले? कपडे त वाळू घालत नाई तुमी." कपडे वाळू घालायचा मोह आम्हाला झाला होता, पण कॅप्टन नायर साहेबांनी डोळे वटारले होते.

नायर साहेबांना त्या दिवसांत दुसरं काही सुचत नव्हतं. आदल्याच महिन्यात रशियानं आभाळात गोळा सोडला होता. पृथ्वीभोवती फिरत तो टिक टिक करायचा आणि जगभरचे लोक रेडिओवर ते ऐकायचे. साहेब म्हणाले, त्यातल्या ट्रान्समीटरची ताकद फक्त एक वॅट. मग त्यांनी वही काढून आम्हाला समजावलं. ट्रान्समीटर किती वॅटचा, फ्रिक्वेन्सी कोणती, एरियल केवढी, तारेत किती वाया गेलं, वाटेत किती गेलं, आणि ऐकणाऱ्याच्या कानात खरखर किती. एवढे आकडे मांडले की सिग्नल पोचणार की नाही, हे कागदावरच कळतं. पुढं आभाळातून आपलेही निरोप जातील तेव्हा हेच गणित लागणार, असं ते म्हणाले. मला निम्मं कळलं. भाऊरावाला किती कळलं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

भाऊरावाची गंमत अशी, की मोर्स त्याच्यासारखा कुणाचा नव्हता. बोट नुसतं नाचायचं. पण ऑपरेटरच्या ट्रेड टेस्टला फळ्यावर गणित आलं की गडी गार. दोनदा नापास झाला होता. तिसऱ्यांदा नापास झाला की ट्रेड जाणार, हातात मोर्सच्या चावीऐवजी कुदळ येणार. आदल्या वर्षी त्याच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली होती. त्यांच्या पिढ्या मागावर जाडंभरडं विणण्यात गेल्या, आणि आता घरातला एक जण शिकून वर चढणार, म्हणून बाप सगळ्या बोरगावाला सांगत सुटला होता. भाऊराव दिवसभर थट्टा करायचा, पण तिसरी टेस्ट तोंडावर आली तसं त्या आठवड्यात त्याला जेवण जात नव्हतं.

सहाव्या दिवशी ०८३० ला साहेबांनी त्याला बोलावलं.

"तुझी टेस्ट आज. इथेच. हा ट्रान्समीटर मी बनवला आहे. एक वॅट. सात मेगासायकल. एरियल तू मोजून बांधायची. जबलपूरचं स्टेशन ११०० ते १११० ऐकेल. लिंक लागली तर पास."

"सर, टेप?"

"टेप माझ्या खिशात. लढाईत टेप हरवते. शंकर तार धरेल, बोलणार नाही."

मोठ्या सेटचे चाळीस वॅट सोडून एक वॅट. भाऊराव माझ्याजवळ येऊन पुटपुटला, "एका वॅटात त धड टॉर्च नाई लागत बे."

पण लिहायला बसला. सात मेगासायकलला एरियलची एकेक बाजू साडेतेहतीस फूट, हे त्यानं बरोबर काढलं. कधी नव्हे ते गणित जमलं. फूटपट्टी नाही, म्हणून त्यानं फुटांचे हात केले. कोपरापासून मधल्या बोटापर्यंत एक हात, म्हणजे दीड फूट. बावीस हात आणि वर आठ बोटं. तार ताणून तो झपझप मोजू लागला. मी टोक धरून उभा. गुलाबराव बांधावर.

१०१५ ला एरियल वर गेली. १०२० ला त्यानं ट्रान्समीटर चालू केला. एरियल नीट असेल तर मीटरची सुई वर चढायला हवी. ती जागची हलेना. भाऊरावानं जोड तपासले, बॅटरी तपासली, नॉब इकडून तिकडे फिरवला. सुई जरा थरथरली आणि पडून राहिली. १०३० झाले. साहेब झाडाला टेकून पाइप ओढत होते. मला काहीच कळत नव्हतं, आणि कळलं असतं तरी बोलायची बंदी.

गुलाबरावांना कुणी बंदी घातली नव्हती.

"काहो जवान," ते म्हणाले, "हे तार धुवाची हाय का?"

"म्हंजे?"

"हरेक हातामांगं दोन बोटं जास्त सोडून राह्यला होता तू. मी पाह्यलं ना. विणकर मानूस कापडाले सोडते तसे. धुतल्यावर कापड आटते, मून. तार बी आटते का?"

भाऊराव त्यांच्याकडे बघत राहिला. मग स्वतःच्या हाताकडे. लहानपणापासून बापाशेजारी बसून कापड मोजलेलं. गिऱ्हाइकाला कापड कमी पडू नये म्हणून हातामागे दोन बोटं सोडायची, ही घरची रीत. डोकं हिशेब करत होतं आणि हात मुकाट्यानं आपलं इमान राखत होता.

"बावीस दुनी चव्वेचाळीस," तो म्हणाला. "चव्वेचाळीस बोटं जास्त. शंकऱ्या, पावणेतीन फूट जास्त हाय बे."

मी साहेबांकडे पाहिलं. ते पाठ फिरवून कपाशी बघत होते. त्यांचे खांदे हसण्यानं हलत होते.

१०४० ला एरियल खाली घेतली. दोन्ही बाजूंनी चव्वेचाळीस-चव्वेचाळीस बोटं मागं दुमडून बांधली. १०५५ ला परत वर. भाऊरावानं चावी दाबली आणि सुई वर चढली. मी आयुष्यात पुष्कळ सुया वर चढताना पाहिल्या, पण तेवढा आनंद कशानं झाला नाही.

११०० ला त्यानं जबलपूरला हाक दिली. नुसती खरखर. ११०२ ला पुन्हा. खरखर. ११०४ ला तिसऱ्यांदा. मग हेडफोन घट्ट दाबून तो लिहू लागला. पेन्सिल मोडली, माझी घेतली. कागदावर शब्द उमटले: "सिग्नल ताकद तीन. साफ. तुमची पॉवर कळवा."

भाऊरावानं कळवलं. एक वॅट.

पलीकडून मग आलं: "पुन्हा सांगा."

साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "पास." मग वही उघडून आम्हाला आकडा दाखवला. त्यांच्या कागदावरही ताकद तीनच निघाली होती. गुलाबरावांनी घरून हुरड्याचं थालीपीठ मागवलं आणि भाऊराव आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवला. मला म्हणाला, "मले कुनी नापास केलं नव्हतं बे, माह्या हातानंच केलं होतं." त्या दुपारी आम्ही एवढे हसलो, की ड्रायव्हरला वाटलं आम्ही काहीतरी प्यालो.

त्यानंतर तो भराभर वर गेला. बासष्टला नाईक होता, पूर्वेकडच्या डोंगरात, सगळ्यात पुढच्या ठाण्यावर. तिथं चांगलाच ऑपरेटर ठेवतात. गोळीबारात मोठा सेट गेला. उरलेल्या छोट्या सेटवर त्यानं माघारीचा हुकूम घेतला आणि दोन्ही बाजूंच्या प्लाटूनना पोचवला. ते लोक खाली उतरले. शेवटच्या माणसाची पोच येईपर्यंत हा सेटवर बसून राहिला. तो उतरला नाही.

मी त्याच्या वडिलांना भेटायला बोरगावला गेलो. मनात सलत होतं ते बोलून टाकलं. "बाबा, त्या दिवशी तळेगावले तो नापास झाला असता, त आज घरी असता."

म्हातारा मग जवळ सरकून म्हणाला, "असं नोको बोलू बाबू. पास झाला, त्या दिसाचं सांग मले. पयल्यापासून सांग."

मी पहिल्यापासून सांगितलं.