सिनेमातली बाई अडकली तेव्हा

जॉर्जियातली एक बाई माझ्या टीव्हीवर बटाटे सोलत होती आणि सबटायटल्सचा पत्ता नव्हता.

परीक्षण सहापर्यंत द्यायचं होतं. मी जगभरचे नवे सिनेमे बघून त्यांच्यावर लिहिते, तेही मालवणजवळच्या आमच्या वाडीत बसून. इथलं नेटवर्क असं, की सिनेमा लावावा, आंबोळ्यांचं पीठ भिजवावं, आणि पीठ फुगेपर्यंत नायक जेमतेम दारातून आत येतो. तरीही कोरियापासून कॅनडापर्यंतचे दिग्दर्शक माझ्या धास्तीने शुक्रवारचा उपास धरतात. माझा यावर पूर्ण विश्वास आहे, तुम्हीही ठेवा.

सिनेमा लागायच्या आधी आम्हाला त्याची प्रत लिंकवर पाठवतात. तिला स्क्रीनर म्हणतात. या स्क्रीनरमध्ये खालच्या इंग्रजी ओळी टाकायला कोणीतरी विसरलं होतं. मी मुंबईला आमच्या पोर्टलच्या संपादक मॅडमना फोन लावला.

"मॅडम, सबटायटल्स नाहीत. मला जॉर्जियन येत नाही."

"मागच्या महिन्यात येते म्हणाला होतात."

"ते बोलण्यापुरतं."

"दुसरी लिंक मागवते. तोवर नुसतं बघून घ्या, फ्रेमिंग, लाइट वगैरे. पण सहाला कॉपी हवी, नाहीतर मी दुसऱ्या कोणाची घेईन."

शेजारच्या खुर्चीत आमच्या वाडीतले भाऊकाका बसले होते. काका दशावतारातले स्त्रीपार्टी, म्हणजे बायकांची कामं करणारे नट. त्यांनी राणी होऊन टाहो फोडला की देवगडच्या बंदरात होड्यांचे नांगर सुटायचे. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. गोष्ट ठरलेली, बोलणं उभ्या उभ्या सुचेल तसं. म्हणून एक नेम सगळे पाळतात. समोरचा अडकला तर आपण बोलायचं, त्याला गप्प उभं ठेवायचं नाही.

गेल्या हंगामात कुडाळकडच्या एका जत्रेत भर प्रवेशात काकांचा आवाज फाटला. समोरचा नट नवखा, त्याला काही सुचलं नाही. लोक हसले. काका घरी आले ते तोंड मिटूनच. हो ते मानेने, नाही तेही मानेने. त्यांची सून सुलभा रोज दुपारी त्यांना माझ्याकडे आणून बसवायची.

"तुझ्याकडे माणसां बोलतत तरी, गो ताई," ती म्हणायची. "आमच्याकडे आता नुसते भिंती."

मी सबटायटल्स मोठ्याने मालवणीत वाचून दाखवायचे. मूळ सिनेमापेक्षा माझाच चांगला व्हायचा. काका ऐकायचे, पण तोंडातून शब्द काढायचे नाहीत. त्या दिवशी मात्र वाचायलाच काही नव्हतं. मी गप्प, काका गप्प, बाई गप्प. बटाटे तेवढे सोलून होत होते.

मग सिनेमात दार वाजलं. बाईने उघडलं. बाहेर तिचा नवरा, हातात बॅग. किती वर्षांनी आला ते दाढीवरूनच कळत होतं. तिच्यात चिमण्यांच्या दोन पिढ्या वाढल्या असाव्यात. बाई त्याच्याकडे बघत राहिली. तो तिच्याकडे बघत राहिला. असल्या सिनेमांत माणसं अशीच बघत राहतात आणि त्याची बक्षिसं मिळतात.

काका चुळबुळले. पुढे झुकले.

"अडाकली गो ती," ते म्हणाले. "तिका काय सुचणा नाय."

माझ्या हातातलं पेन पडलं. मी वळून बघेपर्यंत काकांनी त्या बाईची बाजू घेतलीसुद्धा. आवाज खरखरीत, पण राणीचाच.

"इलंस? इतकी वर्सां ह्या दाराक कडी नाय घातली. मगे वाजवलंस कित्याक, परक्यासारखो?"

एवढ्यात फोन टिंगटिंगला. दुसरी लिंक आली होती, सबटायटल्ससकट. आत्ता लावली असती तर सहाच्या आत परीक्षण झालं असतं. पण त्यासाठी हा सिनेमा थांबवावा लागला असता. मी फोन उशीखाली सारला.

"चुलीर भात शिजता," काका सांगत होते. "पण तुझ्या वाटचे तांदूळ घालूक माझो हात..."

इथे आवाज फाटला. जत्रेत फाटला तसाच. काकांचं तोंड उघडं राहिलं आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. उशीखाली फोन वाजू लागला. सिनेमातला नवरा ठोंब्यासारखा उभाच. बोलायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी हजारो नटांना नावं ठेवली आहेत. स्वतः शाळेच्या गॅदरिंगमध्ये फक्त झाड झाले होते, तेही नको तेव्हा हललेलं.

"तान लागली गो," मी जमेल तेवढ्या घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आधी पाणी दी."

काका खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले.

"पाणी? समिंदर ओलांडून इलंस आणि पाणी मागतंस? थयच रव! आधी पाय धुव!"

सिनेमा संपेपर्यंत आम्ही कडाकडा भांडलो. काका बायको, मी नवरा. सुलभा दारात कधी येऊन उभी राहिली ते कळलंच नाही. तिच्या हातात कप होता.

"बाबानू, चाय निवली," ती कशीबशी म्हणाली.

"मगे गरम करून हाड. माका अजून बोलाचा आसा."

ती गेली, पण कप तिथेच उंबऱ्यावर विसरून गेली.

परीक्षण अर्थातच दुसऱ्या कोणाचं लागलं.

"फोन का उचलला नाहीत?" मॅडमनी विचारलं.

"मी नवरा होते, मॅडम. घरात भांडण चाललं होतं."

"तब्येत बरी आहे ना?"

दुसऱ्या दिवशी सबटायटल्सवाली प्रत बघितली. दारातल्या त्या प्रसंगाखाली एकही ओळ नव्हती. मी काकांना सांगितलं, की ती बाई अडकली नव्हती, दिग्दर्शकाने तिला मुद्दाम गप्प ठेवलं होतं.

"अडाकलेलो माणूस असाच सांगता, चेडवा," काका म्हणाले, आणि आज कुठल्या देशाचा खेळ आहे ते विचारू लागले.

परीक्षणाच्या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना एवढंच सांगेन: सबटायटल्स नसलेली प्रत आली तर लगेच तक्रारीचा ईमेल करू नका. आधी शेजारच्या खुर्चीत कोण बसलंय ते बघा.