हवालदारांनी उघडलेलं दार

आमच्या भागातल्या पोलीस चौकीतले हवालदार कुणाचंही बोलणं मान खाली घालूनच ऐकतात. मध्ये फक्त "पुढे?" एवढंच विचारतात. चहाच्या टपरीवर कितीदा त्यांच्याशेजारी उभा राहिलोय, पण हसताना त्यांना कधी पाहिलं नाही.

त्या सकाळी कात्रजजवळ एका नामांकित क्रिकेटपटूच्या गाडीने भाजीवाल्या मावशींना उडवलं. गाडी तो स्वतः चालवत होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. जबाब द्यायला चौकीत गेलो, तर आतल्या खोलीत फौजदारसाहेब त्याच्यासोबत हसत-खिदळत फोटो काढत होते. बाहेर बाकावर त्याचा ड्रायव्हर बसला होता. "गाडी मीच चालवत होतो," असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

"गाडी कोण चालवत होतं?" हवालदारांनी मला विचारलं.

मी हळूच नाव सांगितलं.

त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. उठले आणि आतल्या खोलीचं दार त्यांनी सताड उघडलं.

"अहो, मावशींना अजून शुद्ध नाही. तुम्ही तरी मोठ्याने बोला."

मी नाव मोठ्याने घेतलं. आतलं हसणं थांबलं. हवालदारांनी ते नाव लिहिलं, माझी सही घेतली आणि म्हणाले, "झालं. आता घाबरलात तरी चालेल."