सिदोनीची काजळी

परवा शाळेच्या पटांगणात पडदा लावून तो सिनेमा दाखवला. आमच्याच जंगलात काढलेला, माझ्याच वहिनीवर. मी मधूनच उठून आलो. अहो, सिनेमातली सिदोनी पावडर लावून भट्टीवर येते! केसांची एक बट जागची हलत नाही. आणि मोरी झालेला तो नट उठल्यासुटल्या तिला मिठीत घेतो. शेजारची बाई डोळे पुसत होती. मला हसावं की रडावं कळेना.

मी बाझील. सगळा जन्म फ्रान्समधल्या व्होजच्या डोंगरात कोळसा पाडण्यात गेला, त्यामुळे बोलणं जरा खरखरीत आहे, चालवून घ्या. पण त्या दोघांना मिठी मारताना मी कधीच पाहिलं नाही. जे पाहिलं ते सांगतो.

सिदोनी माझ्या थोरल्या भावाची बायको. जर्मन आले त्याच उन्हाळ्यात भाऊ आघाडीवर गेला, तो परत आलाच नाही. वहिनी माहेरी जाऊ शकली असती. म्हणाली, "मी गेले तर बाबांच्या भट्टीला हात कुणाचे?" आणि राहिली. कामाला वाघ, तोंडाने फटकळ. त्याच हिवाळ्यात तिला लाकडांच्या ढिगाआड मोरी सापडला. मोरी कोंडे, आफ्रिकेतल्या गिनीचा, आमच्याच फौजेतला शिपाई. जर्मनांच्या कैदेतून निसटलेला, तापाने फणफणलेला. त्याच्या रंगाचे किती शिपाई त्यांनी हात वर केलेले असतानाच गोळ्या घालून मारले होते. वहिनीने बाबांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" बाबा म्हणाले. "पाय धर त्याचे, मी खांदे धरतो."

आता काळ्या माणसाला गोऱ्या गावात लपवायचं कुठे? तर कोळसेवाल्यांत! आमची रीतच अशी की भट्टी पेटवली की ती उघडेपर्यंत कुणी तोंड धुवायचं नाही. धुतलं तर भट्टी रुसते. त्यामुळे बाबा, मी आणि मोरी, डोळे न् दात सोडले तर तिघेही सारखेच. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी तेव्हा कोळशाच्या गॅसवर चालायच्या, जर्मनांना आमचा कोळसा लागायचा, म्हणून ते आमच्या वाटेला फारसे जात नसत. भरलेली पोती खाली त्यांच्याकडे जायची. काही पोत्यांतून काडतुसं वर जायची, जंगलात लपून जर्मनांशी लढणाऱ्या आमच्या पोरांकडे. ती न्यायचं काम मोरीचं.

पण मोरी मुसलमान, नमाजाचा पक्का. ओढ्यावर जाऊन हात, पाय, तोंड स्वच्छ धुऊन यायचा. बाबा कपाळावर हात मारायचे; लगेच परत माखलं तर भट्टी रुसत नाही, अशी पळवाटही त्यांनीच काढली. काजळी म्हणजे मळकट काळी, आणि ती गेली की याची कातडी अशी तुकतुकीत दिसायची की आंधळ्यालाही कळावं. मग वहिनी कमरेवर हात ठेवून वाटेत उभी.

"झाला तुझा देव खूश? ये आता इकडे."

मूठभर काजळी घेऊन ती त्याच्या तोंडाला चोळायची. कपाळ, गाल, मान, कानांच्या मागे.

"काळ्याला काळं करणारी तूच एक," तो म्हणायचा.

"ओठ मीट. तोंडात गेली तर मला सांगू नकोस."

सुरुवातीला हे भराभर उरकायचं. पुढे पुढे लांबायला लागलं. कानामागे एवढी काय काजळी लागते, तुम्हीच सांगा! बाबांनी एकदा पाहिलं, परत पाहिलं, आणि त्यानंतर ते त्या वेळी पाठ फिरवून फावडं घासत बसायचे. गावातल्या बायकांना वास लागलाच. हिने मेलेल्या नवऱ्याच्या नावाला काळं फासलं, म्हणाल्या. बाबांनी एकीला चर्चच्या दारातच ऐकवलं, "फासलं तर फासलं. आम्ही कोळसेवालेच आहोत."

अशी तीन-साडेतीन वर्षं गेली, आणि मग ती दुपार आली. वहिनी सूपाचं पातेलं घेऊन भट्टीवर आली आणि तिच्या मागोमाग जर्मन सार्जंट आणि त्याचे शिपाई. मोरी ओढ्यावर होता.

"इथे काळा शिपाई आहे," सार्जंट म्हणाला. "गावातून कळलं."

"काळा?" बाबा म्हणाले. "इथे सगळेच काळे आहेत, साहेब. त्यातला कुठला देऊ?"

एक शिपाई फिसकन हसला. सार्जंट हसला नाही. त्याची न् त्याच्या शिपायांची पाठ ओढ्याच्या वाटेकडे होती, आमची तोंडं. आणि त्या वाटेने मोरी वर येत होता. ओला चेहरा उन्हात लखलखतोय, नजर खाली, आपल्याच नादात. ओरडलो तर मेलो, गप्प राहिलो तरी मेलोच.

वहिनीने पातेलं खाली ठेवलं. पहार उचलली, भट्टीला टेकवून ठेवायचीय अशा थाटात गेली, आणि बुडाशी मातीचा लेप फोडून आरपार खुपसली. धुमसत्या भट्टीला वारा लागला की संपलं. भडका उडाला. "भट्टी फुटली!" ती ओरडली, अगदी ओढ्यापर्यंत जाईल अशी.

तिला वाटलं, हे ऐकून मोरी पळेल. शिपाई पळाला असता हो! पण इतकी वर्षं आमच्यात राहून मोरी शिपाई उरला होता कुठे? भट्टी फुटली म्हटलं की कोळसेवाला धावतो तो भट्टीकडेच. हा पठ्ठ्या ओल्या तोंडानिशी सरळ धुरात घुसला, फावडं घेतलं आणि माती लोटायला लागला.

"मूर्खा," वहिनी पुटपुटली. तिचे ओठ पांढरेफटक पडले होते.

धूर निवळला तेव्हा आम्ही तिघे खोकत ओळीने उभे होतो. मोरीच्या ओल्या चेहऱ्यावर काजळीचा थर बसला होता. पण सार्जंट काही दूधखुळा नव्हता. त्याने रुमाल काढला. माझा गाल खसकन पुसला. पांढरा. बाबांचा पुसला. पांढरा. मग तो मोरीपुढे जाऊन उभा राहिला आणि रुमालाची स्वच्छ बाजू शोधायला लागला.

"भट्टी मी फोडली," वहिनी म्हणाली.

सार्जंटने मान वळवली.

"मुद्दाम फोडली. तुमचा कोळसा होता ना? घ्या आता राख."

सिनेमात ती इथे देशावर भाषण देते. भाषण कसलं डोंबलाचं! तिला फक्त तो रुमाल थांबवायचा होता, आणि तो थांबला; कोळसा बुडवणारी हातात सापडल्यावर सार्जंटला गावगप्पांतला शिपाई कशाला हवा? त्यांनी तिचे हात मागे बांधले. मोरीने पाऊल उचललं तसा बाबांनी त्याच्या पायावर फावडं दाबलं. "हललास तर ती फुकट गेली," एवढंच म्हणाले. मोरी हलला नाही. तिला खाली नेईपर्यंत आम्ही तिघे रडत होतो. बाबांच्या आणि माझ्या गालांवर पांढऱ्या रेघा उमटल्या. त्याच्या गालांवर नुसतं पाणी, रेघ एकही नाही. मी पुढे होऊन त्याच्यासमोर उभा राहिलो.

वहिनीला जर्मनीतल्या छावणीत नेलं. मोरी वर पोरांत गेला, जर्मन हटेपर्यंत लढला. फौजेने सांगितलं, आता तुझ्या देशात जा. तो आला आमच्या भट्टीवर. "ती आली आणि मी नसलो तर?" म्हणाला. सिनेमा इथेच संपतो म्हणे, तिचा फोटो आणि व्हायोलिन.

अहो, ती आली! पुढच्या वर्षी, लढाई संपल्यावर. गाडीने येतेय असा निरोप आला, आणि मोरी भट्टी सोडून आहे तसा धावला, काजळीने माखलेला. मी मागोमाग. फलाटावर अर्धं गाव, त्या चर्चच्या दारातल्या बायकासुद्धा. रुमालाखाली वहिनीचं डोकं भादरलेलं, अंगावर मांस नाही. मोरी समोर जाऊन थांबला. हात लावायचं धाडस होईना त्याला.

वहिनीने डोक्याचा रुमाल सोडला. नळाखाली भिजवला आणि सगळ्यांच्या देखत त्याचं तोंड पुसायला घेतलं. कपाळ, गाल, मान, कानांच्या मागे. तिला अजिबात घाई नव्हती.

भट्टी पेटलेली असताना मोरीचं तोंड धुतलं गेलं होतं, आणि या वेळी ते परत कुणी माखलं नव्हतं. त्या खेपेचा निम्मा कोळसा जळून राख झाला. बाबा पाठ फिरवून फावडं घासत बसले.