मायनं शिवलेले नऊ भाग

भावाच्या घराला रंग द्यायचा होता. तो कामरगावला राहतो, मी कारंज्यात. रंगाच्या कामात खराब होईल असं सामान त्यानं दोन पोत्यांत भरून माझ्याकडे आणून टाकलं आणि जाताना म्हणाला, "यातलं काई फेकू नोको वं." हे सांगायची गरज नव्हती. मी न विचारता काही फेकत नाही. त्याच्या देखतच एकेक वस्तू लिहून काढली आणि एक प्रत त्याच्या खिशात घातली.

यादीत अठरावी वस्तू होती: कॉमिक, शिवलेलं, एक.

ते आमच्या लहानपणीचं. आम्ही तेव्हा सगळे कामरगावला राहायचो. बाबा कारंज्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते आणि येताना रद्दीच्या दुकानातून आम्हा दोघांना काहीतरी वाचायला आणायचे. एकदा त्यांनी एका समुद्रावरच्या कप्तानाच्या हिंदी कॉमिकचे नऊ भाग एकदम आणले. मुखपृष्ठं दुकानदारानं आधीच फाडून घेतलेली, त्यामुळे कोणता भाग कितवा हे कळायला मार्ग नव्हता. आठ दिवसांत ते भाग गल्लीभर पांगले. मायनं घरोघर जाऊन ते गोळा केले आणि गोधडीच्या सुईनं, दुहेरी दोऱ्यानं एकत्र शिवून टाकले.

माय शाळेत गेली नव्हती. छपाई वेगवेगळ्या वेळची होती, काही भाग बोटभर मोठे, काही लहान. तिनं भाकरी रचाव्यात तसे ते रचले, मोठा खाली आणि त्याहून लहान वर. शिवण घट्ट बसली. गोष्टीचं काय झालं ते तिला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

आमचा कप्तान दुसऱ्याच भागात मरायचा. तिसऱ्यात तो दहा वर्षांचा पोरगा होऊन जहाजाच्या पिंपात लपायचा. चौथ्यात त्याला दोन मुलं असायची. हे सगळं जुळवून सांगायचं काम भावानं घेतलं होतं. विहाराच्या पायरीवर बसून तो वाचायचा, आणि गल्लीतली पोरं त्याला पानोपानी अडवायची.

"कप्तान मेला नं? मंग हा कोण होय?"

"हा त्याचा जुळा भाऊ."

"मंग बायको त्याले काहून ओयखत नाई?"

"तिच्या डोक्याले मार लागला. मांगच्या पानावर जहाज हाललं, पाह्यलं नाई का तूनं?"

कोणी हरकत घेतली नाही. आमच्यापैकी एकानंही समुद्र पाहिला नव्हता, त्यामुळे तिथं काहीही होत असेल असंच सगळ्यांना वाटायचं.

मागच्या वर्षी याच कप्तानाचे नऊ भाग दोन जाड खंडांत पुन्हा निघाले. गुळगुळीत कागद, रेघेबाहेर न गेलेला रंग, सुरुवातीला कोणीही वाचत नाही अशी लांबलचक प्रस्तावना. मी शाळेच्या कार्यालयात आहे. आमच्या विज्ञानाच्या सरांनी हे खंड आणले आणि शिक्षकांच्या खोलीचं काम ठप्प झालं. पन्नाशी ओलांडलेले तीन पुरुष एका पुस्तकावर डोकी टेकवून बसलेले. मी सह्यांसाठी कागद घेऊन दोनदा गेले, दोनदा "ठेवा ना मॅडम तिथं" ऐकून परत आले. तिसऱ्यांदा पुस्तकाच्या उघड्या पानावरच कागद ठेवला, तेव्हा सह्या झाल्या. घरात कोणती वस्तू कुठं ठेवली तेही न आठवणारे हे लोक, पण शार्क आली तेव्हा कप्तानाचा चाकू कोणत्या हातात होता यावर त्यांचं भांडण.

तरी मीही भावासाठी ते दोन्ही खंड मागवले. द्यायच्या आधी चाळले आणि तेव्हा कळलं की आम्ही सगळं उलटसुलट वाचलं होतं. मूळ गोष्ट सरळ होती. पोरगा घरातून पळतो, खलाशी होतो, कप्तान होतो, लग्न करतो, लढतो, म्हातारा होऊन मरतो. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. इतक्या वर्षांचा पसारा एकदाचा जागच्या जागी लागला.

इथं थांबायला हवं होतं. पण पोत्यातलं शिवलेलं कॉमिक कुजत चाललं होतं, दोरा तुटत होता, पानं लोंबत होती. मी शिवण उसवली, छापील खंड शेजारी ठेवून नऊ भाग बरोबर क्रमानं लावले आणि आमच्या शाळेची रजिस्टरं बांधणाऱ्या बाइंडरकडे दिले. त्यानं लाल रेक्झिन चढवलं. वरून, मला न विचारता, तिन्ही बाजू मशीनवर कापून सगळे भाग एका मापाचे केले. मोठ्या भागांच्या तळाच्या ओळी त्यात गेल्या. "बारकी अक्षरंच तं गेली मॅडम, चित्रं तं पूर्ण हायेत नं," असं त्याचं म्हणणं.

भाऊ सामान न्यायला आला. यादीवर खुणा करत अठराव्या वस्तूपर्यंत आलो. त्यानं रेक्झिन उघडलं, सुरुवातीचं पान पाहिलं, मधलं पाहिलं, शेवटचं पाहिलं.

"हे कोणाचं होय?"

"आपलंच. दोरा सडला होता. नीट लावून आनलं. अगुदरचा क्रम चुकला होता."

"चुकला कोनाले?"

"गोष्टीले. हे छापील पाह्य. अंदी पोरगा पयते, मंग..."

"म्या छापील मांगतलं होतं का तुले?" तो शांतपणे म्हणाला. "मायनं लावलं होतं तसं लावून दे."

"सांग कसं होतं. आत्ता लावते."

त्यानं बोटं मोजायला घेतली. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा सांगितला, शेवटचा सांगितला, मधले चार सांगता येईनात. मलाही येईनात. आकारावरून लावावे तर आता सगळे एकाच मापाचे. शेजाऱ्यानं ठेवायला दिलेल्या पितळी भांड्यांपासून गळक्या छत्रीपर्यंत मी सगळं लिहून ठेवते, पण शिवण उसवताना कोणत्या भागाखाली कोणता होता ते लिहिलं नाही. मायला जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्या हातचं त्याच्याकडे एवढंच उरलं होतं, गोधड्या तर केव्हाच विरल्या. छापील खंड त्यानं पोत्यात टाकले. सामान घेऊन गेला आणि कॉमिक माझ्याच टेबलावर ठेवून गेला.

मग फोन सुरू झाले. सकाळी बरोबर मी निघायच्या वेळेला.

"पाचवा वादळाचा. लिहून ठेव."

दुसऱ्या दिवशी, "कालचं खोड."

तिसऱ्या दिवशी, "नाई, वादळाचाच होय. खोडलं तं नाई नं?"

मी नऊ ओळींचा तक्ता केला होता. त्यात इतकी खाडाखोड झाली की नवा करावा लागला. शेवटी वैतागून म्हटलं, "छापील देल्लं नं तुले? ते वाच नं."

"वाचलं. दोन दिवसांत झालं. चांगलं हाये," तो म्हणाला. "पन त्यात आपल्याले काईच सांगा लागत नाई."

मी रागानं फोन ठेवून दिला. त्या कप्तानाचे नऊ तुकडे कसेही लावले तरी प्रत्येक तुकड्यात जहाज उभं असतं आणि पान उलटावंसं वाटतं. म्हणून ते शिक्षकांच्या खोलीतही चालतं आणि आमच्या पायरीवरही चाललं. फरक इतकाच, की आमच्याकडे दोन भागांमधली भोकं भाऊ भरायचा.

एका रविवारी तो स्वतःच आला. वादळ पाचवं, बंड आठवं, एवढं पक्कं करून. उरला लग्नाचा भाग आणि बेटाचा भाग. मी म्हटलं, आधी बेट. तो म्हणाला, आधी लग्न.

"कायवरून?"

"दाढीवरून. लग्नात त्याले दाढी नाई. पान उलटलं का बेटावर छातीपर्यंत दाढी. एका पोट्टीनं मले अडोलं, एका पानात दाढी कशी वाढली मने. म्या सांगतलं, खाऱ्या हवेत लवकर वाढते."

"ते मीच इचारलं होतं."

"तूच तं होती."

ते मला स्पष्ट आठवलं. उत्तर पटलं नव्हतं, हेही आठवलं. मग आम्ही बाकीचा क्रमही तसाच तपासला, त्यानं कुठं काय थाप मारली होती त्यावरून. प्रत्येक थाप दोन भागांच्या सांध्यावर नेमकी बसत होती. तासाभरात नऊच्या नऊ ओळी भरल्या आणि एकही खोडावी लागली नाही.

रेक्झिन मी फाडलं. बाइंडरचा गोंद इतका कडक की साधी सुई जाईना, म्हणून दाभणानं भोकं पाडली, भावानं दोन्ही हातांनी गठ्ठा दाबून धरला. मी पट्टी ठेवून इंचाइंचावर टाके घातले.

"मायचे वाकडे होते," तो म्हणाला.

"मले वाकडे येत नाईत. पाह्यजे तं उसवून तू घाल."

त्यानं गठ्ठा आणखी घट्ट दाबला. दोरा तोडल्याबरोबर त्यानं गठ्ठा माझ्या हातातून काढून घेतला आणि खुर्चीवर बसून वाचायला लागला. कापलेल्या ओळींपाशी तो थांबत नव्हता, त्या त्याला पाठ होत्या. मी सांगितलं, कामरगावची जीप भरत आली असेल. त्यानं पान उलटलं. मी पुन्हा सांगितलं.

"थांबव त्याले जरासक," मान वर न करता तो म्हणाला. "मराले आला हा."

मी चपला घालून नाक्यावर गेले. जीपमध्ये समोरची एकच जागा उरली होती.

"कोन येऊन राह्यलं, ताई?" ड्रायव्हरनं विचारलं.

"भाऊ. दहा मिनिटं लागतीन."

"तब्येत बरी हाये नं त्यायची?"

"त्याले काई झालं नाई," मी म्हणाले, आणि दुसऱ्या कोणी बसू नये म्हणून त्याच्या जागेवर जाऊन बसले.