बटर पेपरवरचा अणू

सहा महिने मी एका स्फटिकाचं गणित करत होते आणि ते सुटत नव्हतं. त्यातल्या अणूंची मांडणीच अशी, की इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेच्या दोन पट्ट्यांनी एका जागी एकमेकींना भेटायलाच हवं. माझ्या आलेखात मात्र मध्ये फट. गाइडनी बजावलं होतं, सोमवारपर्यंत फट गेली नाही तर विषय बदला. म्हणजे पीएचडीची सगळी मेहनत पाण्यात.

शनिवारी वडगावला घरी आले ती धुमसतच. अणूंचं चित्र टेबलावर पसरलं होतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, माग बंद करून आत आले. त्यांचा जन्म साड्या विणण्यात गेलाय.

"कसली नक्षी गं ही?"

"अणूंची. तुम्हाला न्हाय कळायची," मी वसकन म्हणाले आणि लगेच जीभ चावली.

त्यांनी कपाटातून बटर पेपर काढला, चित्रावर ठेवून एकेक ठिपका गिरवला. मग कागद पालथा केला आणि नक्षी जिथून पुन्हा सुरू होते त्याच्या निम्म्या अंतरानं पुढं सरकवला.

"वेलीच्या काठाला एक पान हिकडं, पुढचं तिकडं असतंय. मागाला लावायची भोकांची कार्डं पाडायच्या आधी आम्ही असंच बघतो. पानावर पान बसलं पायजे." त्यांचं बोट थांबलं. "ह्यो एक बसत न्हाय बघ."

मी थक्क झाले. पालथं करून अर्धं सरकवणं, हीच तर माझ्या स्फटिकाची सममिती. मी ती त्यांना सांगितलीही नव्हती. फाइल उघडली. त्या अणूच्या जागेचे दोन अंक मीच उलटसुलट टाइप केले होते. आकडे शंभरदा तपासले होते, चित्राकडे असं एकदाही बघितलं नव्हतं. लई राग आला स्वतःचा.

दुरुस्त करून गणित परत लावलं. संध्याकाळच्या चहापर्यंत आलेख आला. दोन्ही पट्ट्या बरोबर आलेखाच्या कडेला येऊन भेटल्या होत्या. मी आप्पांना हाक मारली.

पट्ट्या भेटल्या होत्या तिथं त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"एक अणू जागेवर न्हवता म्हणून ह्या भेटत न्हवत्या?"

"व्हय."

"आणि अणूंचा ह्यो काठ विणला कुणी?"

"कुणीच न्हाय, आप्पा. तो आपसूक असाच असतो."

त्यांनी अणूंच्या त्या नक्षीला हात जोडले. मीही जोडले.