जायफळाचा एक वेढा

माझी मुलगी पाच महिन्यांची असताना सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे अमेरिकेत, फ्रीमाँटला आल्या होत्या. येताना बॅगेत साड्यांच्या मधे सहाण आणली होती, आणि एका डबीत हळकुंड, सुंठ, मुरुडशेंग आणि जायफळ. रोज सकाळी आंघोळीनंतर त्या बाळाची गुटी उगाळायच्या. पोट फुगलं असेल तर मुरुडशेंग, कफ असेल तर सुंठ. जायफळाचा मात्र सहाणेवर एकच वेढा, तोही रोज नाही. ते उष्ण असतं, झोप आणतं, म्हणूनच त्याला घाबरून राहायचं, असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. मला हे सगळं पटत होतं असं नाही. पण ती बाई जितकी जपून हात चालवायची, तितकं जपून मी ऑफिसात कधी काही केलेलं नाही.

लस टोचल्यावर मुलीला ताप आला आणि सासूबाईंनी गुटी बंद केली. अंगात ताप असताना काही द्यायचं नाही, म्हणाल्या. ताप उतरला, तरी त्यांनी अजून सहाण काढली नव्हती. त्या शनिवारी दुपारी मी भाजी आणायला गेले. सासूबाई वर आडव्या झाल्या होत्या. मुलगी नवऱ्यापाशी होती. त्याच्या सॉफ्टवेअरचं सोमवारी रिलीज होतं आणि तो लॅपटॉप उघडून बसला होता.

मी साडेतीनला परत आले, तेव्हा ती झोपलेली होती. उचलली तर मान लटकली. चेहरा लाल, छाती भराभर धडधडत होती आणि डोळे काही केल्या उघडेनात. आम्ही तिघं तिला घेऊन इमर्जन्सीत धावलो.

तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात कोणी काही औषध देतं का? नवऱ्याने लगेच उत्तर दिलं, की माझी आई तिला काहीतरी आयुर्वेदिक देते.

वाक्य खोटं नव्हतं. याचाच मला आजही सगळ्यात जास्त संताप येतो.

डॉक्टरबाई सासूबाईंकडे वळल्या आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलू लागल्या. काय दिलं, किती दिलं, किती वाजता दिलं. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण आपल्यावर आळ येतोय हे कळायला भाषा लागत नाही. मी त्यांना मराठीत सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, मुलाकडे पाहिलं. निघताना स्वयंपाकघरातल्या ओट्यावर जायफळ पावडरीची बाटली आणि तपकिरी झालेली चहाची गाळणी त्यांनी पाहिली होती. ते मला नंतर कळलं.

"मीच दिलं म्हणून सांग," त्या हळूच म्हणाल्या. "आजीकडून चुकलं तर चालून जातं."

"किती दिलंत, आई?"

त्यांना सांगता येईना. कसं येणार?

मी नवऱ्याकडे वळले. "तू काय दिलंस तिला?"

तो म्हणाला, की ती रडायची थांबतच नव्हती. जायफळाने झोप येते हे आईकडून ऐकलं होतं, म्हणून अर्धा चमचा पावडर दुधात कालवून, गाळून पाजली. दोन वाजता. उगाळलेला एक वेढा म्हणजे नखाएवढंही नसतं आणि याने अर्धा चमचा घातला होता. डॉक्टरांना तोच आकडा हवा होता, तीच वेळ हवी होती. त्या दोन्ही गोष्टी फक्त त्याला माहीत होत्या, आणि तो गप्प बसला होता. मी डॉक्टरबाईंना सगळं इंग्रजीत सांगितलं, कोणी दिलं तेसुद्धा.

मुलीला रविवारी संध्याकाळपर्यंत तिथेच ठेवलं. ती बरी झाली. इतक्या लहान बाळाला दुधाशिवाय काहीही द्यायचं नाही, गुटीही नाही, असं डॉक्टरबाईंनी बजावलं. सासूबाईंनी ते मुकाट्याने मान्य केलं. नवरा कारमध्ये मला म्हणाला, "तू मला सगळ्यांसमोर एम्बॅरस केलंस." तोंड उघडलं असतं तर मी ओरडले असते आणि मागे मुलगी होती.

सासूबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. परक्या लोकांसमोर मी त्यांच्या मुलाला उघडं पाडलं होतं. पाचव्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, की तो घाबरला होता गं. घाबरलो तर आम्ही सगळेच होतो, मी म्हटलं. महिन्याभराने त्या परत गेल्या.

पुढच्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत जेवताना कोणीतरी घरगुती औषधांचा विषय काढला. नवरा हसत म्हणाला, "आमच्या आईच्या आयुर्वेदाने तर आम्हाला इमर्जन्सी दाखवली." सगळे हसले. मी ताट खाली ठेवलं आणि अर्ध्या चमच्यासकट घडलेलं सगळं सांगितलं. शेजारच्या काकूंनी माझा हात धरून मला थांबवायचा प्रयत्न केला. मी थांबले नाही.

तो विनोद त्याने पुन्हा केलेला नाही. माझी माफी त्याने त्याच रात्री मागितली. आईची अजून मागितलेली नाही. त्या दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याला विचारतात, वेळेवर जेवतोस ना, आणि तो हो म्हणतो. मी स्क्रीनच्या बाहेर, हात बांधून उभी असते.